रंग सोडून बाकी सगळं

सोमवार, ४ तारीख

अथ नोकरी! वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कुणीतरी मला नेमणूकपत्र दिलं, आणि तेही देताना न हसता. शाळेनं संस्कृतचा तास बंद केला तेव्हा मला हळूच सुचवण्यात आलं होतं की आता जरा विश्रांती घ्या. तीन वर्षं घेतली. विश्रांतीइतकं थकवणारं दुसरं काही नाही.

नवी जागा म्हणजे वयस्कर माणसांचा निवास. तीन मजले, लांबच लांब मार्गिका, फिनेलचा वास आणि दोनशे दहा निवासी. दोनशे दहावी माझी मावशी. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनंच. आठ महिन्यांपूर्वी कंबरेचं हाड मोडलं आणि ती इथं आली. पाहुण्यांना आठवड्यातून एकदाच आत सोडतात, नोकरांना मात्र रोज. नोकरी धरण्याचं खरं कारण एवढंच. सकाळी तिला बातमी दिली तर म्हणते, शास्त्रीबुवा, मला वाटलं तुम्ही राहायलाच आलात, शेजारची खाट रिकामी आहे म्हणून मी उशीसुद्धा निवडून ठेवली होती.

जेवणाच्या दालनात ओळखी झाल्या. सुतारकाका कुठल्याही टेबलाशी बसण्याआधी त्यावर बोटाच्या पेरानं ठकठक करतात आणि निकाल देतात: भुसा! खरं लाकूड त्यांना इथे एकच सापडलंय, दारामागचं स्टूल. टेलिफोनबाईंनी पस्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. अजून कुणी मध्येच उठलं तर त्या दरडावतात, लाईनवर राहा.

माझं काम कचेरीतलं. आजवर सगळ्या नोंदी एका एक्सेलच्या फाइलीत आहेत. एका ओळीत एक माणूस, प्रत्येकाला एकोणीस खाने: नाव, खोली, जन्मसाल, वजन, औषधं, झोप, पथ्य, भेटीला येणारे वगैरे. पण पाहण्यासारखे आहेत ते रंग. प्रत्येक खाना निराळ्या रंगाचा. चार हजारांच्या आसपास खाने आणि एकही छटा दुसऱ्यांदा वापरलेली नाही. कुठे अक्षर तिरकं, कुठे ठसठशीत, कुठे कडेनं तुटक रेघ. माझ्या आधी इथे एक बाई होत्या, डोळे अधू झाले म्हणून गेल्या. मोठ्या सिस्टर सांगत होत्या (ह्या इथल्या मुख्य परिचारिका; जिभेला धार आहे, पण कापतात जपून) की त्या बाई रोज सकाळी खोलीखोलीत जाऊन प्रत्येकाशी चार शब्द बोलायच्या आणि परत येऊन रंग भरायच्या. कुठला रंग कशाचा, हे कधी लिहून ठेवलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, जे लिहिता येतं ते खान्यात, जे लिहिता येत नाही ते खान्याच्या रंगात.

हे मला इतकं आवडलं की नोकरांच्या पानावर माझ्या नावाची पांढरीफटक ओळ दिसताच मीही एकोणीस रंग भरले. पहिला गेरू, संस्कृतचा. चौथा नारिंगी, थट्टेचा. नववा शेवाळी, किरकिरीचा. शेवटचा, एकोणिसावा, मावशीच्या जुन्या स्वेटरचा मोरपंखी. तो स्वेटर धरून मी चालायला शिकलो म्हणतात. प्रौढ माणसाला हा पोरखेळ शोभतो का? नाही शोभत. म्हणून मजा आली.

व्यवस्थापकांनी काम समजावलं. मुख्य कचेरीला सगळं नव्या फाइलीत हवंय. सगळं म्हणजे, रंग सोडून बाकी सगळं. पडद्यावर सारखं दिसलं पाहिजे, म्हणाले. फार सभ्य गृहस्थ. त्यांचं वर्णन लिहायला बसलो आणि गंमत झाली: चष्मा आहे की नाही, तेच आठवेना.

मंगळवार, ५

मॅक्रो लिहिला. माहीत नसणाऱ्या वाचकासाठी (ही रोजनिशी वाचणारा तू कोण, हा प्रश्न वेगळा): मॅक्रो म्हणजे यंत्राला लिहून दिलेली आज्ञा. इथून उचल, तिथे ठेव, पुढच्या ओळीवर जा, आणि मी थांब म्हणेपर्यंत कंटाळू नको. शाळेत गुणपत्रकांसाठी शिकलो होतो. पोरांना जे कधी जमलं नाही ते यंत्राला चटकन जमतं: सांगितलं तेवढंच करणं.

चिकटवताना यंत्र विचारतं, नुसता मजकूर नेऊ की रूपही नेऊ? मी म्हटलं, नुसता मजकूर. आमच्याकडे जगाला नामरूप म्हणतात. आज मी नाम नेलं आणि रूप मागे ठेवलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणून पहिल्या दहाच ओळी नेल्या. लख्ख पांढऱ्या, एकाच मापाच्या अक्षरात. आणि उत्साहाच्या भरात फाइलीत एक मोठं बटण बसवलं, कुणालाही दाबता यावं असं. व्यवस्थापक खूश. पाच वाजता त्यांनी नवी फाइल ‘चालू’ म्हणून जाहीर केली. यापुढे तीच खरी.

गुरुवार, ७

मोठ्या सिस्टर कुरकुरत होत्या की कालपासून काही जण फारच शहाण्यासारखे वागताहेत. कोण, विचारलं. त्यांनी बोटांवर नावं मोजली. दहा.

सुतारकाका टेबलाशी बसले. ठकठक नाही. हात मांडीवर, दोन्ही तळवे खाली. मीच टेबलावर ठकठक करून विचारलं, काका, काय हे? म्हणाले, टेबल. टेलिफोनबाई जेवण अर्धं टाकून उठलेल्या बाईंकडे पाहत राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत.

काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. हवाही बदलली आहे. मला स्वतःलाच सर्दी आहे.

सोमवार, ११

आणखी चाळीस ओळी नेल्या. पगार घेतो, काम केलं. दुपारी दालनात गेलो.

पन्नास माणसं भिंतीशी ओळीनं बसलेली. मधलं अंतर इतकं सारखं की पट्टीनं आखल्यागत. कुणाच्या कपाळावर आठी नाही. आठी सोडा, सुरकुती नाही. मागच्या आठवड्यात जिच्या हनुवटीवर वाटाण्याएवढा तीळ होता तिची हनुवटी कोरी. चेहरे इस्त्री करून घडी घालून ठेवल्यासारखे. मी नमस्कार म्हटलं आणि पन्नास तोंडांतून एकाच पट्टीत नमस्कार आला.

शाळेत अशी शिस्त लावायचा मी एकवीस वर्षं प्रयत्न केला. लागली नाही ते किती बरं झालं.

वर गेलो. मावशी नेहमीसारखी होती, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या बाईंशी खिडकीवरून भांडत होती. म्हणाली, तोंड का असं, कुणी संधी सोडवायला सांगितली का? तिच्याजवळ एक तास बसलो. माझ्या फाइलीत ती दोनशे दहावी आहे. सध्या पन्नासवर थांबलो आहे.

मंगळवार, १२

कावळ्याला दोष देणं पुरे झालं. परीक्षा घेतली.

सुतारकाकांची ओळ तिसरी. जुन्या फाइलीतून फक्त रूप उचललं, मजकूर नव्हे, आणि नव्या फाइलीत त्यांच्या नावावर चिकटवलं. वेळ अकरा वाजून वीस. अकरा चोविसाला दालनातून ठकठक ऐकू आली.

मी खुर्चीवरून उठलो आणि कचेरीत एकटाच ओरडलो, भुसा! मग खाली बसलो. म्हणजे हे खरं आहे. म्हणजे पन्नास माणसांना मी... नाही. लिहीन, पण आधी निस्तरीन. उरलेल्या एकोणपन्नास जणांची रूपंही आजच नेली.

बुधवार, १३

चुकलं. काहीतरी फार चुकलं आहे.

काका ठकठक करताहेत. टेबलावर नाही. स्वतःच्या छातीवर. दोनदा ठोकतात, कान देतात आणि हसून सांगतात, भुसा. टेलिफोनबाई दाराशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड आवाजात कळवतात: लाईन कापली. सकाळपासून तेच.

दोन फाइली शेजारीशेजारी उघडल्या. रंग गेले तसे आलेच नव्हते. काकांचा पानाफुलांतला हिरवा नव्या फाइलीत पोहोचता पोहोचता औषधाच्या बाटलीचा हिरवा झाला होता. कारण सापडलं. जुन्या फाइलीत रंगांचा जो मूळ संच आहे तो नव्या फाइलीत निराळा. तिथे पाचव्या जागी दुसराच हिरवा बसलाय. यंत्रानं रंग नेला नाही, रंगाची जागा नेली. माणूस नेला, पण दुसऱ्याच्या घरात सोडला.

मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, शास्त्रीबुवा (मावशीनं माझं नाव आता खालच्या मजल्यापर्यंत पोचवलंय), मला तुमचं यंत्र कळत नाही, पण त्या बाई रजेवर गेल्या की तिसऱ्या दिवशी इथली माणसं फिकी पडायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही केलंत ना? मग तुम्हीच सरळ करा.

गुरुवार, १४

व्यवस्थापकांना भेटलो. समोरासमोर सांगितलं: पांढरं करणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, तक्रारी अर्ध्यावर आल्या आहेत, सगळे वेळेवर जेवतात, मुख्य कचेरी समाधानी आहे. शुक्रवारी बावीस तारखेला जुनी फाइल ते स्वतः पुसणार. तोवर उरलेले एकशे साठ झाले पाहिजेत. मी म्हटलं, ही माणसं आहेत. ते म्हणाले, यादी आहे.

मी मुद्दाम त्यांच्याकडे नीट पाहिलं. नाक आहे. डोळे आहेत. दोन. पण वहीत लिहायला गेलं की काही उरत नाही. कचेरीत येऊन नोकरांचं पान काढलं. सगळ्यांत वरची ओळ त्यांची. पांढरी, सरकारी मापाचं अक्षर. कुणीतरी फार पूर्वी त्यांना नेऊन ठेवलं होतं. कदाचित त्यांनी स्वतःच.

घाबरलो का? घाबरलो. पण मी एकवीस वर्षं नववी ‘ब’ला धातूंची रूपं शिकवली आहेत. मला घाबरवायला याहून जास्त लागतं.

शुक्रवार, १५

जमलं!

नवा मॅक्रो रंगाची जागा विचारतच नाही. प्रत्येक खान्यापाशी थांबतो आणि रंगाचं माप घेतो: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. तेच आकडे पलीकडे जसेच्या तसे. अक्षर, कडा, खान्याची रुंदी, सगळं यथावत्. वैद्यानं आपलं औषध आधी आपण घ्यावं, म्हणून पहिल्यांदा माझी ओळ नेली. आरशात पाहिलं. तेच ते टक्कल, तीच ती किरकिर. छान.

मग काका. दालनात जाऊन थांबलो. त्यांनी छातीवर उगारलेला हात मध्येच थांबवला, टेबलाकडे पाहिलं, ठकठक केली. भुसा, म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, तुमचं टक्कल मात्र साग आहे हो.

मी आयुष्यात इतकं सुंदर वाक्य ऐकलेलं नाही.

पन्नासच्या पन्नास ओळी नेल्या. व्यवस्थापकांनी मागितल्याबरोबर त्यांना छापील प्रत दिली, काळ्या-पांढऱ्या छपाईतली. त्यात सगळे सारखेच दिसतात. बघा म्हणावं. सोमवारी उरलेलेही रंगासकट नेतो.

सोमवार, १८

बटण.

मीच बसवलेलं. कुणालाही दाबता यावं असं. रविवारी व्यवस्थापकांनी येऊन दाबलं. दोनशे दहाच्या दोनशे दहा ओळी पांढऱ्या. नोकरांचं पान त्या बटणात नव्हतं म्हणून मी अजून हे लिहितो आहे.

वर धावलो. मावशी खाटेच्या कडेला ताठ बसलेली, तळवे मांडीवर. कपाळ गुळगुळीत. स्वेटर घडी करून बाजूला. मी हाक मारली. ती म्हणाली, नमस्कार. मी म्हटलं, मी आलोय. ती म्हणाली, नमस्कार.

आईचं प्रेत उचललं तेव्हा हिनं माझे डोळे झाकले होते. आज कुणी झाकायला नाही.

रडायचं नंतर. जुनी फाइल अजून चार दिवस आहे.

मंगळवार, १९

मोठ्या सिस्टर कचेरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या आहेत. व्यवस्थापक दोनदा आले. एकदा त्यांना सांगितलं, फरशी ओली आहे. दुसऱ्यांदा, मी ओली आहे, अंगावर औषध सांडलंय. आत मी ओळी नेतो आहे. यंत्र धापा टाकतंय. मॅक्रो दर चाळीस ओळींनी अडकतो, पुन्हा लावतो. एकशे तीस झाल्या.

दालनातून आवाज यायला लागलेत. भांडणाचे, खोकल्याचे, चमचे आपटल्याचे. चालू द्या! अजून मोठ्यानं!

बुधवार, २०

दोनशे नऊ. सगळे जसेच्या तसे. मग मावशी.

दहा खाने गेले. अकराव्याला पडद्यावर पाटी: खानारूपं फार झाली, आणखी मावत नाहीत.

हिशेब केला. मुख्य कचेरीचं यंत्र जुनाट, त्यांना फाइलीचा जुना प्रकार लागतो, आणि त्यात निरनिराळी रूपं मावतात चार हजार. दोनशे दहा गुणिले एकोणीस, तीन हजार नऊशे नव्वद. बरोबर बसतं. पण नोकरांच्या पानावरचे (परिचारिका त्यात नाहीत, त्यांची नोंद दवाखान्याच्या वहीत) सगळे पांढरे असताना एक हौशी मास्तर एकोणीस रंग लावून बसलाय. चार हजार नऊ. नऊ जास्त. मावशीचे नऊ खाने कोरे.

वर जाऊन आलो. तिनं स्वेटर अंगात घातलाय. कपाळाला आठ्या आल्यात. पण मला पाहून विचारते, भेटीची वेळ संपली ना, आपण कुणाकडे आलात?

एक पळवाट सुचली: नवं रूप मावत नाही तर फाइलीत आहे त्यातलंच उसनं घ्यावं, मिळतंजुळतं. एका खान्याला टेलिफोनबाईंची छटा लावून पाहिली. वर गेलो. मावशीनं माझा हात धरला. जीव भांड्यात पडला, तेवढ्यात तिच्या तोंडून दुसऱ्याच बाईचा आवाज आला, लाईनवर राहा. आणि हात सोडेना. बोटं सोडवून खाली आलो आणि ती छटा पुसली.

उसनं चालत नाही. ज्याचं त्याचंच.

मग माझे नऊ. त्यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे? तिनं कधी मोजून दिलं का?

गुरुवार, २१

दिले. किरकिरीचा शेवाळी पहिला गेला. त्याचं काही वाटलं नाही, तेच बहुधा लक्षण. मग सात असे की आता कशाचे होते ते सांगता येत नाही. नववा द्यायचा तर नारिंगी की गेरू की मोरपंखी? नारिंगी दिला.

पाटी आली नाही. मावशीची ओळ पूर्ण बसली.

तिनं मला बघितल्याबरोबर विचारलं, शास्त्रीबुवा, सकाळपासून एकही टोमणा नाही, घसा बसलाय का? मी म्हटलं, नाही. ती थांबून राहिली, पुढे काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. तिचा चेहरा उतरला. तिला सगळं सांगितलं. रागावली. म्हणाली, गाढवा, मला न विचारता. मग म्हणाली, माझ्या स्वेटरचा ठेवलायस ना?

ठेवलाय, म्हटलं.

पाच वाजता व्यवस्थापकांनी फाइल त्यांच्या पडद्यावर उघडली. रंग दिसले. ते चिडले नाहीत. म्हणाले, उद्या दहा वाजता आपण दोघं मिळून बटण दाबू, त्यात नोकरांचं पानही घालू, आणि मग जुनी फाइल पुसू. म्हणाले, तुम्हालाही हलकं वाटेल.

शुक्रवार, २२, सकाळी नऊ

तासभर आहे. अजून दहा खाने आहेत. तेवढ्यात लिहून ठेवतो.

शेवटचा मॅक्रो चार ओळींचा. एक: बटण काढून टाक. दोन: माझी ओळ कोरी कर. तीन: फाइल जतन कर. चार: तिला उघडण्याचाच पासवर्ड लाव आणि बंद हो.

पासवर्ड आत्ता मला माहीत आहे. लहानपणी मावशी मला एका नावानं हाक मारायची. घरात, दार लावलं की. शाळेत कळलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं. ते नाव. दुसऱ्या ओळीनंतर ते मला आठवणार नाही. मग मला काहीही विचारा, कितीही विचारा, माझ्याकडून काय निघणार? आणि जिला माहीत आहे तिला ही माणसं काहीच विचारत नाहीत. ती यादीतली आहे ना.

जुनी फाइल ते स्वतःच्या हातानं पुसतील. मग रंगांची प्रत एकच, कुलपातली. नवी यादी करायची तर दोनशे दहा खोल्यांत जाऊन एकेकाला विचारावं लागेल. करा. एकदा विचारायला बसलात की रंग दिसतातच.

दहानंतर येऊन ही वही उचलून ठेवा, असं सिस्टरना सांगितलंय. सोमवारी मला परत द्या, आणि रोज लिहायला लावा, म्हटलं. हो म्हणाल्या. डोळे पुसत नव्हत्या. नुसतं पाहत होत्या.

दहा खाने. गेरू. संस्कृत गेलं तरी भाषा राहील. राहील का — मोरपंखी शेवटी ठेवतो. मॅक्रोत तसं लिहिलंय. एकोणिसावा, सगळ्यांत शेवटी.

नऊ पन्नास. पावलं वाजताहेत. सारख्या अंतरानं.

या. दार उघडंच आहे. भीती वाटते, पण बोट बटणावर माझं आहे, तुमचं ना—

सोमवार, २५

आज सोमवार. ही वही माझी आहे असं सिस्टर म्हणतात. लिहा म्हणतात. लिहितो.

खोली आहे. खाट आहे. खिडकी आहे. जेवलो.

एक गृहस्थ आले. पासवर्ड काय, विचारलं. माहीत नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. माहीत नाही. बरेच वेळा विचारलं. त्यांचा आवाज थोडा चढला. कपाळावर एक आठी आली. ती त्यांनी बोटानं चाचपून पाहिली, आणि घाईनं गेले.

मंगळवार, २६

दालनात फार आवाज. एक काका माझ्या डोक्यावर ठकठक करून ऐकत बसले. म्हणाले, आत आहे कुणीतरी.

एक म्हातारी शेजारच्या खाटेवर राहायला आली आहे. म्हणते, उशी निवडून ठेवली होती. काठी आपटत चालते. निळाहिरवा स्वेटर.

बुधवार, २७

म्हातारीनं वहीचं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. मध्ये मध्ये हसली. काय लिहिलंय बघ, म्हणाली, पोरखेळ शोभत नाही म्हणून मजा आली. मी ऐकलं.

तिनं रंगीत पेन्सिली मागवल्या आहेत. वहीत एकोणीस चौकोन आखले. ओळ वाकडी. पहिला गेरू, चौथा नारिंगी, नववा शेवाळी, असं वाचून वाचून भरते आहे. बाकीचे मला ठाऊक आहेत, म्हणते, बावन्न वर्षं बघतेय. रंग चौकोनाबाहेर जातो. गेला तर गेला, म्हणते.

गुरुवार, २८

अठरा झाले. एक राहिला. ती पेन्सिली धुंडाळते आहे, हवा तो रंग डब्यात नाही. शिव्या देते आहे. मी तिची बाही बघतो आहे. बघत —

बाहीवर बोट ठेवलं. हा, म्हटलं.

तिनं पेन्सिली खाली ठेवल्या. उठून दार लावलं. काठी आपटत जवळ आली, माझ्या कानाशी वाकली आणि एक नाव घेऊन हाक मारली. हळू. घरातल्यासारखी.

आणि मी ओ दिली.